जो होडीत ओकतो तो गुणाजी

एडन,
१० फेब्रुवारी १९५८

ती. काशीराममामांस,

गुणाजीचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. मी हातीपायी धड आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तुळसामामीचा आवाज कसा आहे ते विचारत नाही. वारा बरा असला तर इथे ऐकू येईलच.

पत्राला उशीर झाला, कारण मी सध्या मास्तर आहे. हसू नका. चौथीतून खिडकीवाटे बाहेर पडलेला मी, पण सहा दिवस कंपनीच्या खानावळीत बशा विसळतो आणि रविवारी सकाळी नऊ जणांना इंग्रजी शिकवतो. खरे सांगतो मामा, बशा बऱ्या. बशी एकदा पुसली की पुसली. माणसाला पुढच्या रविवारी परत पहिल्यापासून पुसावे लागते.

झाले असे की वर्ग मूळचा कंपनीच्या साहेबाच्या मडमेचा. आमची तुकडी मधली, म्हणजे "चहा आणतो" एवढे येते, पण दोन गोष्टी जोडून बोलता येत नाहीत. मडम फळ्यावर माणूस काढी, त्याला टोपी घाली आणि मध्ये इंग्रजी "हू", म्हणजे आपला "जो", घालून "ज्याने टोपी घातली आहे तो माणूस" असे म्हणवून घेई. तीन रविवार ती टोपीच चालली. चौथ्या रविवारी मी कंटाळून उठलो आणि म्हटले, बाई, हे तर आमच्या वाडीत रोजचे. आमच्याकडे गुणाजी तीन. नुसती हाक मारली तर ओ कोणी द्यायची? म्हणून जो माडावरून पडला तो गुणाजी, जो रेड्याला घाबरतो तो गुणाजी आणि जो होडीत ओकतो तो गुणाजी. (तिसरा कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. सगळे घराणे दर्यावर, आणि मी किनारा सुटला की होडीच्या काठावर ओणवा.) मडमेने टाळ्या वाजवल्या, आणि दोन महिने विलायतेला जाताना खडू माझ्या हातात दिला.

आता उदाहरणे आणू कुठून? टोपी मला जमेना, म्हणून घरचीच माणसे घेतली. रागावू नका, पण "जो स्वतःच्या लग्नाला जाताना मुंडावळ्या विसरला तो मामा" म्हणून तुम्ही इथे नऊ जणांना पाठ आहात. मामी "जिची हाक वेंगुर्ल्याला पोचते ती". सर्वांत जास्त मात्र मलाच वापरले. इतका फुकट माल दुसरा कुठला?

वर्गात सगळ्यांत मठ्ठ, पण मन लावणारा, तो बांद्याचा महादू. हो, तोच, ज्याच्या भाचीसाठी, यशोदेसाठी, तुम्ही माझे बोलणे लावले आहे. तो वाक्ये वहीत उतरवी. काल मला म्हणतो, "मास्तर, तुमची वाक्यां मी गेल्या म्हयन्यात आमच्या मथुराबायक धाडलंय. मराठीत करून. सराव जातलो म्हणान."

"मेल्या, सगळी?"

"सगळी. ओकूचा तर दोनदा लिवलंय."

मथुराबाय म्हणजे यशोदेची आई. मामा, यशोदेला मी एकदाच पाहिली, बांद्याच्या बाजारात कोकमाची सोले निवडताना. तेवढ्यावर इथले दीड वर्षाचे ऊन काढले. आता दमलो. आणखी काय लिहू?

तुमचा,
गुणाजी

ता. क. — लिहायचे होते ते हे. पत्र पोचताच बांद्याला जा आणि सांगा की ओकणारा तो मी नव्हे, रेड्याला घाबरतो तो गुणाजी. (रेड्याचे बोलू नका.) तो अजून बिनलग्नाचा आहे, बोलणेही कुठे लागलेले नाही, त्याला काय फरक पडतो?

ता. क. दुसरा — मी महादू. माझे अक्षर बरे म्हणून मास्तरांनी पत्ता घालायला पत्र दिले, ते मी वाचले. माफी असावी. बहिणीचे उत्तर आजच आले. तिचा घरवाला दर्यावर गेला तो परत आला नाही, हे तुम्ही जाणता. ती म्हणते, "जो होडयेत ओकता, तोच जावय माका होयो. तो दर्यार जावचो नाय." तेव्हा मामानू, तिला ओकणाराच हवा आहे, दुसऱ्या गुणाजीचे नाव चुकूनही काढू नका. बाय सरळ आहे, पोरगी त्यालाच देऊन मोकळी होईल. मास्तरांना मी रविवारी वर्ग सुटल्यावर सांगेन. आधी सांगितले तर त्यांचे शिकवण्यात लक्ष राहायचे नाही.