साहेबांची पाठ

३ जानेवारी
रोल पक्का. दिवंगत नेते साहेबांवरच्या चित्रपटात साहेब मी. बावन्नाव्या वर्षी लीड! आजपासून गोड बंद. पुरस्कार घेताना करायचं भाषण लिहून ठेवलं. बायको म्हणाली, एकदा तरी स्वतःला विसरून काम करा. तीस वर्षांत हिने माझं एक काम चांगलं म्हटलेलं नाही. यावेळी म्हणायला लावतो.

१८ जानेवारी
साहेब किंचित लंगडायचे. व्हिडिओ बघून पंधरा दिवस घोटलं. केकचा एकच तुकडा खाल्ला.

२ फेब्रुवारी
शूटिंग सुरू. दिग्दर्शक म्हणाला, पाय चुकला. साहेबांचा डावा अधू, मी समोरून बघून उजवा धरला. आता सवय जाईना. मी म्हणालो, प्रेक्षक पाय बघत नाहीत. लाइट लावताना माझ्या जागी उभा राहणारा डमी मात्र बरोबर पायाने लंगडतो. नको तिथे शहाणपणा.

१९ फेब्रुवारी
क्लोजअप कमी झालेत. दिग्दर्शक म्हणतो, साहेबांचं मोठेपण लांबूनच जाणवतं. पटलं.

६ मार्च
शेवटचा सीन. निवडणूक हरलेले साहेब रिकाम्या सभागृहातून एकटे चालत जातात. संवाद नाही, चेहरा नाही, नुसती पाठ. मी म्हणालो, चेहरा नसेल तर मीही नाही. व्हॅनमध्ये जाऊन बसलो. मनधरणीला येतील म्हणून दार उघडं ठेवलं. पाच वाजता मेकअपवाला सांगायला आला, पॅकअप झालं. सीन डमीवर उरकला म्हणे. पस्तावतील.

२० एप्रिल
डबिंग. आवाज बसेना. मी म्हणालो, माइक बदला. त्यांनी माणूस बदलला.

१२ जून
प्रीमियर. साहेबांच्या पत्नी शेजारीच होत्या. दोन तास पर्स आवरत बसल्या. शेवटच्या सीनला पर्स बाजूला ठेवली आणि रडल्या. घरी येताना बायको गाडीत म्हणाली, त्या शेवटच्या सीनमध्ये तुम्ही दिसलाच नाहीत, साहेबच दिसले. कसं केलंत? तिचे डोळे ओले होते. असं तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.
मी म्हणालो, स्वतःला विसरलो.

१३ जून
सकाळपासून ती बहिणीला फोनवर तेच सांगतेय. मला लाज वाटली, आणि ऐकतही राहिलो. पुरस्काराच्या भाषणाचा कागद काढला. म्हटलं, निदान आभारात तरी डमीला घालावं.
पेन उघडलं. त्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.