काशीरामच्या नावाचा चौकोन

हिरकणीवाडी, १२ जानेवारी २०२५

मी पाण्याला गेले तेवढ्यात टपरीवरचा चौकोन खरवडून गेलीस, गो. उंदीर बरा, तो अर्धी भाकरी तरी मागे ठेवतो.

चि. सेजल हिस आजीचे अ. आ. मी बरी हाय. गडावर माणसांची रीघ लागलीय, ताक दुपारीच संपतं.

तो चौकोन तुझ्या बापाने आणून चिकटवला होता. काशीराम काविळीने गेला, तरी चौकोन चालूच होता. गिऱ्हाईक मोबाईल धरतं, आणि पैसे बरोबर माणसाला जातायत ना म्हणून नाव वाचून विचारतं, काशीराम का? मी म्हणते, हो, माझा पोर. कुठे असतो म्हटलं, तर गडावर गेलाय म्हणते. खोटं बोलून माझं ताक नासत नाय.

आता तुझ्या आईच्या नावाचा लावून गेलीस, तर जो तो विचारतो, अनुपमा का? जुना चौकोन आणून लाव, मग लोभाचं बघू.

तुझी आजी बनुबाई

डोंबिवली, २० जानेवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. चौकोन तुझ्यासमोर काढायचा धीर झाला नाही. बाबा गेल्याचं बँकेला कळवावंच लागलं. त्यांचं खातं बंद झालं, त्या चौकोनावर आता पैसे येणारच नाहीत. म्हणून आईच्या नावाचा लावला. बँकेत साहेबांनी मयताचं नाव विचारलं, तर आई ओठ मिटून उभी. शेवटी मी सांगितलं.

तुला एक ठाऊक नाही. बाबांचा फोन आईने चालूच ठेवला होता. तू ताक विकलंस की इथे तो वाजायचा. पोळी लाटता लाटता आई म्हणायची, टपरी उघडली वाटतं. आता तिच्याच फोनवर वाजतं. ती बघतही नाही.

राग धर, पण वेळेवर जेव. माया पातळ करू नकोस.

तुझी सेजल

हिरकणीवाडी, २ फेब्रुवारी

सेजल, हे आईला वाचून दाखवायचं नाय. तिच्या हातात द्यायचं.

चि. अनुपमा हिस अ. आ. सवयीने सौ. लिहायला गेले, हात मागे घेतला.

काल पांडू ड्रायव्हर आला, वर्षातून एकदा शाळेची सहल आणतो तो. अनुपमा कोण, म्हणाला. सून, म्हटलं. मग काशीराम कुठाय, म्हणाला. गडावर, असं सांगायला तोंड उघडलं आणि वारला असं निघालं. माझ्या तोंडून पहिल्यांदाच. तो पेला धरून बसूनच राहिला. मी म्हटलं, पी रे, माश्या बसतील.

आता दिवस जातो पण त्याचं नाव कुणी घेत नाय. मी घेतलं तर ऐकायला म्हैस हाय. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाय ही आपल्या घरची रीत. मीही माझ्याचं कधी घेतलं नाय. आजपासून ती मोडली, असं सासूने सांगितलं म्हण.

दोघींनी मला धरून राहा. उत्तर अनुपमाने लिहायचं, स्वतःच्या हाताने. त्यात हे, ते, सेजलचे बाबा असलं काय नको. जिथे तो येईल तिथे त्याचं नाव लिही. सेजलचं अक्षर दिसलं तर मी पाकीट फोडणार नाय.

बनुबाई