याओचे नाव याओला

काल, मंगळवार दिनांक १८ मार्च रोजी, माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन येत्या सोमवारी सकाळी सोफियात होणार हे नक्की झाले. डॉ. कालिन मिंचेव यांनी फोनवर तसे सांगितले आणि मी पुन्हा विचारल्यावर पुन्हा सांगितले. वाचण्याची शक्यता चांगली आहे, म्हणाले. किती चांगली, असे विचारले तर म्हणाले, "पेनल्टीइतकी." मी आयुष्यात सात पेनल्टी हुकवल्या आहेत, म्हणून आधीच लिहायला घेतलेले हे मृत्युपत्र आज पुरे करतो.

मी, खाली सही करणारा, राहणार विदिन, डॅन्यूबच्या धक्क्यापासून तिसरी गल्ली, पूर्वी फुटबॉलपटू, हल्ली क्लबच्या मैदानाची देखरेख करणारा, हे सर्व स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पाय नाहीत. तीन ओळी लिहिल्या की मला उठावेसे वाटते, पण तो आजार जुना आहे आणि त्याला झडप लागत नाही.

अशा कागदावर प्रथम आपले नाव आणि वय लिहायचे असते. माझी गाडी तिथेच अडते, म्हणून पहिले कलम त्याचेच.

कलम १. माझ्या पासपोर्टवर याओ एलिकेम अहियादेके, जन्म १२ जून १९८०, असे लिहिले आहे. तो मी नव्हे. मी कोमला सेन्यो अहियादेके, जन्म ९ नोव्हेंबर १९७६, गाव केटा, देश घाना. याओ हा माझा धाकटा भाऊ. तो जिवंत आहे, केट्यातच राहतो आणि मासेमारीच्या होड्यांची इंजिने दुरुस्त करतो. आमच्यात मुलाला जन्मवाराचे नाव मिळते. मंगळवारचा तो कोमला, गुरुवारचा तो याओ. गेली सत्तावीस वर्षे मी भावाच्या वारावर जगत आहे.

हे कसे झाले ते थोडक्यात लिहितो. १९९८ साली ओडोई नावाचा दलाल आमच्या किनाऱ्यावर खेळाडू बघत आला. माझे तीन गोल पाहून त्याने वय विचारले. मी एकवीस म्हणालो.

"एकवीस? युरोपात एकविसाव्या वर्षी खेळाडू घेत नाहीत रे बाबा, विकतात. घरात धाकटा कोणी आहे का?"

याओ तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि दाराशी जाळ्याचा गुंता सोडवत बसला होता. मीच त्याच्याकडे बोट केले. आईने पेटीतून त्याचा जन्मदाखला काढून दिला. याओला कोणी काही विचारले नाही. त्याने वर बघितले, आणि मग पुन्हा जाळ्याकडे.

त्या दाखल्यावर मी तेरा वर्षांत नऊ क्लब केले. रुमानियात सहा महिने, मग विदिन, मग ग्रीसमध्ये एक हिवाळा, मग मॅसिडोनिया, मग पुन्हा विदिन, मधली गावे आता मला क्रमाने आठवतही नाहीत. एका क्लबात स्थिरावतो आहे असे वाटले की मला भीती वाटू लागे, कारण ओळखीचे लोक आईची, भावाची चौकशी करतात. अनोळखी लोक फक्त गोल विचारतात. वर्तमानपत्रे मला चंचल म्हणत. मी चंचल नव्हतो, पळत होतो.

विदिनला पहिल्या दिवशी क्लबच्या चिटणिसाने पासपोर्ट बघून विचारले, "याओ अहियादेके?" मी नकारार्थी मान हलवली. इथे तशी मान हलवली की होकार होतो, हे मला ठाऊक नव्हते. त्याने लगेच नोंद केली. ही हकिकत मी बरीच वर्षे गंमत म्हणून सांगत आलो. आज खरे लिहितो. त्या दिवशी मान कशी हलली ते मला आठवत नाही. तोंड उघडता आले असते, ते मी उघडले नाही.

कलम २. या कलमासाठी मी चार कागद फाडले आहेत.

२००१ साली बेल्जियमच्या एका माणसाने याओला निवडले. याओ डाव्या बाजूने खेळे आणि माझ्यापेक्षा वेगवान होता. हे मी पूर्वी कोणाजवळ कबूल केलेले नाही. तो पासपोर्ट काढायला गेला, तर या नावाचा माणूस आधीच परदेशात आहे, असे उत्तर मिळाले. घरी येऊन त्याने आईला सांगितले की बेल्जियमवाल्यांचा विचार बदलला. मला हे नऊ वर्षांनी कळले, तेही त्याच्या बायकोकडून. आजही त्याच्याजवळ ओळखपत्र नाही. दुकानाचा परवाना बायकोच्या नावावर आहे. तो म्हणतो, "दादा, मी माझ्याच दुकानात नोकर आहे, आणि मालकीण फार कडक आहे."

माझी पत्नी त्स्वेताना हिलाही तेव्हाच कळले. लग्नाला सहा वर्षे झाल्यावर मी तिला आणि चार वर्षांच्या रालित्साला प्रथम केट्याला नेले. दारात भाऊ पुढे आला आणि म्हणाला, "या वहिनी, मी याओ."

ती हसली. "एका घरात दोन याओ? सासूबाईंना नावं कमी पडली का?"

आई माशांचे ताट घेऊन आत गेली ती बाहेर आली नाही. त्स्वेतानाने तिथे कोणाला काही विचारले नाही. परतीच्या विमानात, रालित्सा झोपल्यावर, तिने विचारले, "तू कोण आहेस?" मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "सहा वर्षं मी तुझ्या भावाला हाका मारतेय, आणि ओ तू देतोयस."

तर याओचे नाव, त्याची जन्मतारीख आणि या दोहोंवर काढलेला प्रत्येक कागद मी याओला परत करीत आहे. हे बक्षीस नव्हे. जे ज्याचे त्याला.

कलम ३. मुलगी रालित्सा हिच्याबद्दल. इथल्या रिवाजाप्रमाणे मुलीच्या नावात मधे बापाचे नाव येते, म्हणून ती सर्व कागदांवर रालित्सा याओवा आहे. माझे खोटे असे तिच्या नावात जाऊन बसले. ती एकोणीस वर्षांची आहे आणि प्लोव्दिव्हला औषधशास्त्र शिकते. गेल्या रविवारी मी तिला फोनवर हे सांगितले.

"म्हणजे बाबा, माझ्या नावात मधे काका आहेत?"

"हो."

"काका चालतील. पण पदवीच्या कागदाचं काय करू?"

तिने आपले मधले नाव बदलावे की ठेवावे हे तिनेच ठरवावे. कोणी, विशेषतः तिच्या आईने, आग्रह करू नये.

कलम ४. घर, मागची द्राक्षांची वीस झाडे आणि बँकेत जे असेल ते त्स्वेताना आणि रालित्सा यांना निम्मे-निम्मे. नदीवरची होडी आणि जाळी गेंचो व्हल्कोव्ह याला. हा आमचा जुना गोलरक्षक आणि आज माझा साक्षीदार. होडी डावीकडे ओढते, तोही आयुष्यभर डावीकडेच झेपावला, दोघांचे जमेल. साक्षीला बोलावले तेव्हा तो म्हणाला, "सव्वीस वर्षं मी ओरडतोय, याओ, मागे ये, मागे ये! एकदा तरी आलास का? आता कळलं. मी भलत्याच माणसाला बोलावत होतो."

बुटांचे खिळे आवळायचा पाना कोणालाही देऊ नये. तो हरवला आहे, आणि माझा संशय गेंचोवरच आहे.

कलम ५. कात्रणांची वही याओला. तिच्यात सगळीकडे "याओचा गोल", "याओने सामना वाचवला" असे छापलेले आहे. पण गोल मी देत नाही. एकशे अठरा आहेत आणि ते माझ्या पायांनी झाले. हे मी याओला सांगितले तर तो हसत सुटला. "दादा, पंचाच्या वहीत बघ. सगळे माझ्या नावावर आहेत. तू तर एकही सामना खेळलेला नाहीस." यावर उत्तर सुचल्यास हे कलम बदलीन.

कलम ६. जुने हिशेब. ज्या प्रशिक्षकाने मला अकरा सामने बचावात उभे केले त्याला माफ केलेले नाही. ओडोईला शिव्या देत आलो, त्या मागे घेतो. त्याने फक्त विचारले होते. बोट माझे होते. आईला दोष देऊ नये. ती गेली तेव्हा तिच्या उशाशी याओ होता. फोन कानाशी धरल्यावर ती मला कोमला म्हणाली. तिच्याखेरीज तसे कोणी म्हणत नसे.

कलम ७. गेलोच तर केट्यात माझे पोस्टर लागेल; आमच्याकडे ते लागतेच. त्यावर चव्वेचाळीस वर्षे छापू नये. अठ्ठेचाळीस छापावे आणि कोमला छापावे. फोटो खेळातला नको. बसलेला एखादा सापडला तर तो लावावा.

कलम ८. आता मुख्य गोष्ट. हे मृत्युपत्र ज्यांच्याकडे ठेवायचे त्या नोटरी इस्क्राबाईंनी गेल्या सोमवारी पहिला मसुदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"छान लिहिलंय. उपयोग शून्य."

"का?"

"मृत्युपत्र उघडतात माणूस गेल्यावर. तोवर दवाखाना याओच्या नावाने मृत्यूचा दाखला देऊन मोकळा झालेला असेल. तुमचा भाऊ आज नुसता बिनकागदाचा आहे. उद्या कागदोपत्री मेलेला असेल. मेलेल्याला जिवंत करायला कोर्टात सात-आठ वर्षं जातात. मी एक प्रकरण पाहिलंय. जिवंत झाला त्या वर्षीच बिचारा गेला."

मग आधीच जाऊन सांगितले तर? तसे केले तर पासपोर्ट जप्त होईल, चौकशी लागेल, आणि याओच्या नावावरचा आरोग्यविमा त्याच दिवशी थांबेल. ऑपरेशन निदान तीन महिने पुढे जाईल. झडप तीन महिने थांबेल का, असे मी काल डॉ. मिंचेवना विचारले. ते म्हणाले, "थांबेल असं मी लिहून देणार नाही."

त्स्वेतानाचे म्हणणे, आधी ऑपरेशन, मग कबुली. "तुला कायमची घाई! चेंडू यायच्या आधी पुढे पळायचं आणि मग ऑफसाइड म्हणून रडायचं. एक आठवडा जागेवर उभा राहा. माझ्यासाठी राहा."

तिचे चूक नाही. काल दुपारी मी याओला फोन केला आणि दोन्ही वाटा सांगितल्या. मागे इंजिन चालू होते; त्याने ते बंद केले.

"आधी ऑपरेशन कर दादा. त्यात काय विचारायचं? मी कागदावर मेलो तरी चालेल. इतकी वर्षं नाहीच आहे मी. सवय आहे."

तो हे चिडून बोलला असता तर मी ऐकले असते. तो मला धीर देत होता. फोन ठेवून मी नदीपर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. एकदा त्याला न विचारता त्याचे नाव घेतले. आता तो स्वतः होऊन मरण देऊ करतो आहे, तेही घेऊ? ते मी घेणार नाही.

म्हणून परवा, शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, परदेशी नागरिकांचे कार्यालय उघडताच मी पासपोर्ट घेऊन आत जाणार आहे. इस्क्राबाई बरोबर असतील. कबुलीजबाब त्यांनी तयार ठेवला आहे आणि त्याची एक प्रत घानाच्या वकिलातीकडे त्याच दिवशी जाईल. म्हणजे सोमवारी काहीही झाले तरी याओ जिवंत राहील. माझे काय, ते कोणी नक्की सांगू शकत नाही. मिंचेव रविवारी संध्याकाळपर्यंत खाट अडवून ठेवणार आहेत. विम्यावाचून आणि नावावाचून रुग्ण दाखल करता येतो का, ते वरिष्ठांना विचारतो म्हणाले. त्स्वेताना कालपासून माझ्याशी बोललेली नाही. शुक्रवारी ती येईल की नाही, ठाऊक नाही. मी मात्र साडेआठलाच जाऊन उभा राहीन. इस्क्राबाईंच्या मते तिथे प्रथम नाव विचारतात.

वरील सर्व मजकूर माझ्याच हातचा असून मी तो वाचून, चालून, पुन्हा वाचून कायम केला आहे.

सही: कोमला सेन्यो अहियादेके
(ही सही सत्तावीस वर्षांत प्रथमच करीत आहे. कोणत्याही जुन्या सहीशी ती जुळणार नाही, जुळवू नये.)

साक्षीदार:
१. गेंचो व्हल्कोव्ह, निवृत्त गोलरक्षक. याने माझ्यासमोर सही केली. पाना माझ्याकडे नाही.
२. स्लाव्का दिमोवा, शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर. सही करणाऱ्याला मी ओळखते. नाव आज कळले.

ठिकाण: विदिन
दिनांक: १९ मार्च २०२५, बुधवार