तुझ्या जन्मसालाची बाटली

एमरिक,

'प्रिय' लिहवत नाही. हे पत्र पाठवणारही नाही, नाहीतर गाडीत पर्यटकांना वाचून दाखवशील.

काल पॅरिस, दिजों उरकून आठ जणांना आपल्या वाइनच्या तळघरात आणलंस. "हे माझे वडील, अडाणी पण गोड," असं बाबांसमोरच म्हणालास. मग टाळ्यांसाठी तुझ्या जन्मसालाची बाटली उघडलीस. बाबांनी ती तुझ्या लग्नासाठी राखली होती, ठाऊक होतं तुला! पाहुणे चाखून बादलीत थुंकले; त्यांचं सोड, रीतच आहे ती. बाबा बघत होते तुझ्याकडे.

तूही थुंकलास.

"गाडी चालवायचीये ना, बाबा!"

"बरोबर आहे," म्हणाले ते.

आज सकाळी त्या बाटलीच्या कोनाड्यात त्यांनी बटाटे भरले.

नाइलाजाने तुझी बहीण,
सोलांज