लांब सोडलेली फांदी

तांडा, ता. महागाव
१२ मार्च २०२५

चि. शीला हिस,
अनेक आशीर्वाद.

इकडे हरभरा घरात आला, गहू अजून उभा आहे. तिकडच्या थंडीत कानाला काही बांधतेस की तशीच हिंडतेस, ते कळव. हे पत्र कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवतोय, कारण यातलं काही फोनवर माझ्याच्यानं बोलवणार नाही.

आधी वेलीची बातमी. नाशिकची नोकरी सोडून येताना तू नेबिओलो द्राक्षाचं रोप आणून न्हाणीमागे लावलं होतंस, त्याला चौथ्या वर्षी फळ आलं. एकच घड. इटलीचं हे द्राक्ष आपल्या उन्हावर रुसलंय, असं मी तांडाभर सांगत फिरलो. दोष माझा निघाला. तुरीचे शेंडे खुडले की फांद्या फुटतात आणि शेंगा वाढतात, हे मी जन्मभर पाहिलेलं. तोच कायदा वेलीला लावला. दर ऑक्टोबरात फांदीवर कोंब फुटायचे दोन डोळे ठेवायचो आणि बाकी फांदी उडवायचो. या जातीच्या बुडाजवळच्या डोळ्यांना घड येत नाही, फांदी लांब सोडा, असं तू जाताना दोनदा बजावलं होतंस. मी मान हलवली आणि केलं मनाचंच.

गेल्या ऑक्टोबरात तुझ्या आईनं कात्रीच लपवली. फांदी नेऊन कपडे वाळवायच्या तारेवर बांधली. घड लागला तो सातव्या डोळ्यावर, खोडापासून चांगला हातभर दूर.

रंग फिका, बाजारात कोणी हात लावणार नाही. काल एक मणी तोंडात टाकला तर हिरडा चघळल्यासारखी जीभ आवळली. गोडी आली, पण फार मागून. तू म्हणायचीस, हे द्राक्ष फुटतं सगळ्यांच्या आधी आणि पिकतं सगळ्यांच्या शेवटी, त्याची वाइनही वर्षानुवर्षं ठेवल्याशिवाय नरम पडत नाही. मी हे तुझ्या आईला सांगितलं, तर ती माझ्याकडेच बघून हसली.

आता खरं लिहितो. गेल्या रविवारी मी फोनवर म्हणालो की आईला अंथरुणातून उठवत नाही. ती झोपलीय म्हणून तिच्या हातात फोनही दिला नाही. तू रडलीस. जिथं काम करतेस त्या द्राक्षबागेच्या मालकाला सांगते, तीन वर्षांच्या नव्या करारावर सही करत नाही, म्हणालीस. शीला, तुझी आई ठणठणीत आहे. काल महागावच्या बाजारातून भाजीची थैली तिनंच उचलून आणली. मी खोटं बोललो.

काल वेलीपाशी हे तिला कबूल केलं. ती म्हणाली, "पोरीची आठवण येते तं तसं सांगा ना. मले कायले बिमार पाडता?"

तर सांगतो. मला तुझी फार आठवण येते. संध्याकाळी फाट्यावर एसटी थांबली की अजून उठून पाहतो, कोण उतरलं म्हणून. तू विमानाच्या अंतरावर आहेस हे कळत असूनही उठतो. एवढं साधं बोलायचं होतं, ते सोडून तोंडातून आजारपण निघालं.

तू सही कर. तुझ्या मनानं यावंसं वाटेल तेव्हा ये, माझ्या खोट्यापायी परतू नकोस. रागावली असशील, तरी रविवारी फोन कर. मला बोलता आलं नाही तर लगेच ठेवू नकोस. मी ऐकत असतो.

तुझा,
बापू