मावशीनं लख्ख केलेलं रान

मंगळवार, हसनाबाद

आज मावशीच्या रानाची पाहणी झाली. वेचणीनंतर उरलेली कपाशीची वाळली झाडं, पऱ्हाटी, न जाळता रानातच कुजवली तर अनुदान मिळतं. फॉर्म मीच भरला, पण ही अट तिला सांगायच्या आधीच परतूरला भटकायला गेल्तो.

साहेब येणार म्हणून तिनं काल सगळी पऱ्हाटी जाळली! "पाहुण्यापुढं पसारा ठेवतेत का रे?"

कृषी सहायकानं राख पाहिली, मोबाईल खिशात घातला, चहा पिला. जाताना मला हळूच म्हणाला, "आता तूच सांग तिला."

कसं सांगू? ती राख डोळ्यापुढून हलंना. चूक माझी, बिलकुल माझीच. आन् मावशी मघापासून म्हणून राह्यली, "साहेब फोटो काढायचं विसरले की. फोन लाव जल्दी. उद्या बांधबी झाडून ठेवते."