मोएझचे इटालियनचे गुण

महदिया
शनिवार, २ जुलै २००५

प्रिय नेजिया,

सलाम. तू, तुझा नवरा आणि मुली खुशाल असाल अशी आशा करते. आम्ही ठीक आहोत. माझा गुडघा सकाळी कुरकुरतो आणि दुपारी गप्प बसतो. अंजिरं यंदा लवकर पिकली. तुझ्या वाटणीची टोपली मी गल्लीतल्या सालहाला दिली, कारण वर्षभरात तू आली नाहीस आणि मीही बोलावलं नाही. पत्र बघून तुला धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही.

फोन केला असता, पण अम्म हेदीच्या दुकानातला फोन म्हणजे अर्ध्या गल्लीचा कान. शिवाय तुझा आवाज ऐकला की मी भांडणार. म्हणून सूसला जाणाऱ्या शुक्रीच्या टॅक्सीतून हे पाठवतेय. तुझ्याच हातात द्यायचं, असं त्याला बजावलंय.

तुझा भाचा मोएझ सुधारलाय. खोटं वाटेल तुला, पण महिनाभर तो घरातच असतो आणि राबतो. त्याचे वडील गेल्यापासून जी कामं पडून होती ती एकेक करून काढतोय. छताची भेग बुजवली, अंगणाला चुना लावला, पुढचं दार पुन्हा निळं केलं. मी न सांगता तेलाचे डबे भरून आणले, हिवाळ्यापर्यंत पुरतील एवढे. उलट बोलत नाही. मिशी काढून टाकलीय, शाळेतल्यासारखा दिसतो. गल्लीतल्या बायका म्हणतात, शादलियाचं नशीब उघडलं.

आता परीक्षेचं. तू त्याच कॉलेजात शिकवतेस, निकाल समितीवर आहेस, तेव्हा त्याचे फेरपरीक्षेचे गुण तुला माझ्याआधी कळले असतील. त्यानं कॉलेजच्या भिंतीवरून लिहून आणलेला कागद मी स्वयंपाकघरात चिकटवलाय. लेखाशास्त्र साडेआठ, अर्थशास्त्र नऊ, गणित नऊ, कायदा अकरा, फ्रेंच बारा, इटालियन अठरा. सगळे विसापैकी. मी सहावीपर्यंत शिकले, पण हिशेबात मला कोणी फसवलेलं नाही. सगळे मिळवले, सहांनी भागले, सव्वा अकरा आले. पास व्हायला दहा लागतात. मी दोनदा पडताळून बघितलं आणि मग माझ्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. खजुराचे मक्रूद तळले, घरोघरी ताटं गेली, छतावरून बायकांनी ललकाऱ्या दिल्या. पोरगा दारात उभा राहून सगळ्यांचे पापे घेत होता, मुबारक घेत होता.

दुसऱ्या दिवशी शेजारची रिम ताट परत करायला आली. ती मोनास्तीरला शिकते. कागद बघून तिचा चेहरा उतरला. म्हणाली, खाला, असं भागत नाहीत. प्रत्येक विषयाला वजन असतं. लेखाशास्त्राचं चार, अर्थशास्त्राचं चार, गणिताचं तीन, कायद्याचं दोन, फ्रेंच आणि इटालियनचं एकेक. गुणाला आधी वजनानं गुणायचं, मग सगळी बेरीज करून वजनांच्या बेरजेनं भागायचं. मला राग आला. अठरा म्हणजे अठरा, कुठेही मिळवले तरी. तेव्हा ती म्हणाली, कुसकुसला रवा किलोभर आणि मीठ चमचाभर, तुम्ही दोन्ही सारखंच धरता का? मग मी पेन्सिल घेतली.

वजनांची बेरीज पंधरा. दहाची सरासरी हवी तर दीडशे व्हायला हवेत. त्याचे होतात एकशेएकोणपन्नास. सरासरी नऊ पूर्णांक त्र्याण्णव. लेखाशास्त्रात नुसता पाव गुण जास्त असता तर चारपट होऊन एक झाला असता. इटालियनमध्ये मात्र तोच एक मिळवायला पुरता एक गुण लागला असता. आता मला हे तुझ्या विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं कळतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

तो घरी आला तेव्हा मी विचारलं, तुला हे वजनाचं माहीत होतं?

“होतं.”

“मग मी ताटं भरत होते तेव्हा तोंड का शिवलं होतंस?”

“तू इतकी खुश होतीस, उम्मी. म्हटलं, एक दिवस तरी असू दे तुला.”

एवढं बोलून तो शिडी घेऊन वर गेला. नेजिया, मी तिथेच ओट्याला टेकून बसले. एक दिवस असू दे, असं कोण म्हणतं? ज्याचं पुढे काही व्हायचं आहे तो असं म्हणत नाही.

एका गुणानं लटकलेलं पोर नखं खातं. आईवर खेकसतं, कॉलेजच्या चकरा मारतं, मावशीचे पाय धरतं. मागच्या वर्षी त्यानं हे सगळं केलं होतं. यंदा नापास झाला तर तिसऱ्यांदा बसू देणार नाहीत, हे ठाऊक असून तो शांत आहे. जेवतो, झोपतो, चुना कालवतो. तो घाबरत नाही, म्हणून मी घाबरलेय.

आणि इटालियनचं सांगायचं राहिलं. मुद्दामच ठेवलं होतं, हात पुढे जात नाही. मागच्या वर्षी त्याची ऐच्छिक भाषा इंग्रजी होती. यंदा त्यानं स्वतःहून बदलली. मला कौतुक वाटलं, कारण आपण दोघी लहानपणी समोरच्या किनाऱ्याचा इटालियन टीव्ही बघून ती भाषा शिकलो, तीच पोरानं उचलली. गेल्या आठवड्यात मी कपडे वाळत घालायला छतावर गेले. तो पाण्याच्या टाकीमागे उभा राहून इटालियनमधलं एकच वाक्य घोकत होता, हळू, मग जोरात, मग रडका आवाज काढून. माझं वय सतरा आहे. माझं वय सतरा आहे.

तो एकवीस वर्षांचा आहे, नेजिया. सज्ञान नसलेल्यांना तिकडून परत पाठवत नाहीत, हे आपल्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. मिशी का गेली, ते मला त्या वेळी कळलं. मी ओले कपडे तसेच बादलीत घेऊन खाली आले. त्याला काही बोलले नाही, कारण मी बोलले की तो त्याच दिवशी निघेल असं वाटलं.

सालहाचं तुला माहीत आहे. मागच्या उन्हाळ्यात तिचे दोघेही मुलगे चोरून एकाच बोटीनं समुद्रापलीकडे गेले. धाकट्यानं तिकडून फोन केला. थोरल्याचा अजून आलेला नाही. तेव्हापासून अम्म हेदीच्या दुकानातला फोन वाजला की ती चूल सोडून बाहेर येते, मग तो कुणाचाही असो. मी रोज समुद्राकडे बघते. तेलासारखा पडून आहे. आयुष्यभर आपण कोळ्यांसाठी शांत पाणी मागितलं, आता मी नमाजानंतर वारा मागते. लोकांच्या पोटावर पाय येतो हे कळतं, तरी मागते.

मंगळवारी तुमची समिती बसेल. ज्यांना थोडंसं कमी पडतं त्यांना तुम्ही उचलून घेता, हे मला रिमनं सांगितलं. मागच्या वर्षी त्याचं नाव निघालं आणि तू उठून बाहेर गेलीस. नातेवाइकाचं नाव आलं की उठायचं, असा नियम आहे म्हणे. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे, खोटं कशाला बोलू. यंदा उठू नकोस. पाय मुरगळल्याचं सांग, पण खुर्ची सोडू नकोस. पास झाला तर थांबेल की नाही, मला माहीत नाही. नापास झाला तर जाईल, एवढं माहीत आहे.

त्याच्या कामांची यादी संपत आलीय. काल मागच्या अंगणाचं दार राहिलं होतं, तेही झालं. आज तो बाहेर गेला तेव्हा मी त्याच दाराच्या बिजागरीचे दोन स्क्रू काढले आणि विहिरीत टाकले.

तुझ्यापुढे कधी हात न पसरलेली,
शादलिया


महदिया
शनिवार, ९ जुलै २००५

प्रिय नेजिया,

सलाम. मंगळवारी दुकानातल्या फोनवर मी नुसतं हं हं करत होते, कारण सालहा माझ्या बाजूला उभी होती. फोन तिचा नाही हे कळूनही ती गेली नाही. तिच्यासमोर मला ओरडता येईना, रडताही येईना. म्हणून आता लिहिते.

तू पुन्हा उठून बाहेर गेलीस. माझं पत्र पर्समध्ये घेऊन तू त्या व्हरांड्यात उभी होतीस आणि आत काय चाललंय ते तुला ऐकू येत नव्हतं, हे तू सांगितलंस तेव्हा पहिल्यांदा मला तुझा राग आला नाही. मला वाटायचं, बाहेर जाणारा सुटतो.

तू सांगितलंस ते मी जसंच्या तसं त्याला सांगितलं. तो छतावर टाकीच्या लोखंडाला रंग देत होता. मी खालूनच ओरडले, पास, दहा पूर्णांक शून्य. त्यानं ब्रश खाली ठेवला आणि क्षणभर विचार केला.

“लेखाशास्त्रवाल्यांनी पाव दिला असेल. दुसरीकडून कुठून एवढ्यात निघत नाही.”

मग ब्रश उचलून तो पुन्हा रंगाला लागला. मी शिडीशी उभी राहिले. उतरून माझ्या डोक्याची पापी घेईल असं वाटलं होतं. घेतली त्यानं, पण रंग संपल्यावर. मी विचारलं, सप्टेंबरमध्ये नाव घालायचंय ना पुढच्या वर्षाला? तर म्हणाला, बघू, उम्मी, सप्टेंबर लांब आहे.

मक्रूद मी पुन्हा तळले, या वेळी थोडेच. गल्लीला काय सांगू, आधीचे कशाचे होते? मी म्हटलं, आधीचे माझ्या गणिताचे, हे त्याच्या. सगळ्या हसल्या. तोही हसला, आणि मला वाटलं आता सुटले. पण संध्याकाळी बघते तर आरशापुढे उभा राहून दाढी घोटतोय. रोज घोटतो, अजूनही. गाल पोरीसारखे गुळगुळीत ठेवतो. मी मोरीच्या दाराशी उभी राहून ते बघते. ते वाक्य आता ऐकू येत नाही. सोडलं की पाठ झालं, कळायला मार्ग नाही.

कुठल्या विषयाला किती वजन, हे तुमचं कॉलेज भिंतीवर लावतं. पोरगं लावत नाही. कागद अजून स्वयंपाकघरात आहे. भांडी घासताना मी त्याच्याकडे बघत बसते. पहिल्या दिवशी जो अठरा बघून मी नाचले, तो आता फाडून काढावासा वाटतो. पण तेवढाच फाडला तर पोरगा नापास होतो, म्हणून तसाच ठेवलाय.

बिजागरी त्यानं दुसऱ्याच दिवशी बसवली. नवे स्क्रू आणले, काही विचारलं नाही. मग मी मोरीतल्या नळाचा वायसर सुरीनं कापला. गुरुवारी त्यानं नळ उघडला, तो वायसर उजेडात धरला आणि माझ्याकडे आला.

“उम्मी, हा झिजलेला नाही. कापलेला आहे.”

“उंदीर असेल.”

“पाना चालवणारा उंदीर. आधी नळ खोलला, वायसर कापला, परत बसवला.”

मिरच्या निवडत होते, त्या निवडत राहिले. तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. चार मिरच्यांचे देठ त्यानंही काढले. मला वाटलं, आता सांगेल. सांगितलं असतं तर मी दाराला आडवी पडले असते, तेही मी ठरवून ठेवलं होतं. पण तो उठला, नवा वायसर बसवला आणि हात पुसत विचारलं,

“उद्यासाठी काय ठेवलंयस?”

मी म्हटलं, माडीची खिडकी. ती नीट लागत नाही.

“ती तर नीट लागते.”

“उद्या लागणार नाही.”

तो हो म्हणाला. शुक्रवारी नमाज करून आला आणि खिडकीशी बसला. आज शिवणयंत्राचा पट्टा. असं चाललंय, नेजिया. तो जाणतो आणि मीही जाणते. एक काम म्हणजे एक दिवस. पण घर आपलं केवढंसं. दोन खोल्या, अंगण आणि माडी, त्यात मोडण्यासारखं असून असून किती असणार? वारा अजून नाही. समुद्र तसाच पडून आहे.

तू येते म्हणालीस. ये. मुलींनाही आण. मागच्या वर्षाचं काही बोलणार नाही मी. अंजिरं संपली, पण सालहाच्या झाडावरची आत्ता पिकताहेत. आणि येताना रिकाम्या हातानं येऊ नकोस. तुझ्या घरातलं काही बिघडलेलं असेल, पंखा, इस्त्री, रेडिओ, काहीही, ते घेऊन ये. बिघडलेलं नसेल तर बिघडवून आण.

सप्टेंबरची वाट बघणारी तुझी बहीण,
शादलिया